गोटूची वाफ

आमच्या घरात दमण्याचा अधिकार एकट्या बाबांना होता. संध्याकाळी रेल्वेच्या कचेरीतून आले की ते दारातच चपला झटकायचे, ‘दमलो बापा’ म्हणायचे आणि सगळं घर कामाला लागायचं. कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळायचं, चहा यायचा, रेडिओ बारीक व्हायचा. दिवसभर कागदांवर शिक्के मारून माणूस इतका कसा दमतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आई पहाटे पाणी भरण्यापासून रात्री दूध झाकेपर्यंत उभीच असायची, पण ‘दमले’ हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. फारच झालं तर ‘आज पाय बोलून राहिले’ म्हणायची, म्हणजे दोष पायांचा. आणि आम्ही तर काय, लेकरं. लेकरं पडतात, रडतात, आजारी पडतात, हट्ट करतात, पण दमत नाहीत, असं आमच्याकडे ठरलेलं होतं. ‘पोट्टे कधी दमतात का?’ असं बाबा विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता चहा बशीत ओतायचे.

पोट्टे म्हणजे मी, सुमी, आणि माझा जुळा भाऊ गोटू. मी त्याच्या जराशी आधी जगात आले, म्हणून वडीलकीचा मान मी परस्पर घेऊन टाकला होता. गोटूला मानापानात रस नव्हता. त्याला रस होता फिरत्या पंख्यात, आईच्या बांगड्यांच्या कडांत आणि स्टेशनावरच्या घोषणांत. छत्तीसगडातल्या रेल्वे कॉलनीतलं आमचं क्वार्टर स्टेशनाला इतकं चिकटून होतं की घोषणा थेट स्वयंपाकघरात यायच्या. गोटू स्वतःचं असं फार थोडं बोलायचा, पण घोषणा सगळ्या पाठ, आणि वापरायचाही अगदी नेमक्या. दूध सांडलं की गंभीर चेहऱ्यानं ‘असुविधा के लिए खेद है’ म्हणायचा. भूक लागली की गाडी थोड्याच वेळात येत असल्याचं सांगायचा. आईला त्यातलं सगळं कळायचं. बाबांना वाटायचं, पोरगा पुढे स्टेशनमास्तर होणार.

आम्ही दोघं दमायचो मात्र एकाच वेळी. दुपारी, जेवणाच्या सुमारास. फरक एवढाच, की मी दमले की ते अख्ख्या कॉलनीला कळायचं आणि गोटू दमला की कोणालाच कळायचं नाही. मी दमले की आई पोळी मोडून वाढते म्हणून रडायची. पोळी मोडली, आता ती परत जोडून दे. दुसरी अख्खी पोळी दिली तर नको, हीच जोडून दे. अशी मी ताटावर हंबरडा फोडत असताना माझी मान हळूहळू वरणात जायची आणि मग कोणीतरी म्हणायचं, झोप आली पोरीला. मला उचलून, तोंड पुसून कूलरसमोर टाकलं जायचं. गोटूचं उलट. तो दमला की हसायला लागायचा. कशालाही नाही, नुसताच, उंच आवाजात. मग चवड्यांवर पळत सुटायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हात पंख्यासारखे हलवत. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडायचा आणि ओरडून झालं की पुन्हा हसायचा. हे पाहून येणारा-जाणारा कौतुकानं म्हणायचा, ‘पोट्ट्यात लय दम आहे हो!’ म्हणजे मला झोप मिळायची आणि त्याला शाबासकी. या वाटणीत कोणाचा फायदा झाला, ते सांगायला नको.

आता या सगळ्याला नाव आहे. मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द काही पटत नाही. गोटू भोवतालच्या सगळ्या आवाजांत, उजेडात, वासांत गळ्यापर्यंत बुडालेला असायचा. स्वमग्न कोणी असेल तर ती आमची अकोल्याची आत्या होती, तिच्याकडे मी येतेच. अलीकडे आम्ही भावंडं एका कामासाठी नव्या रायपुरात एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. ते रुंद रस्ते, बसची वाट पाहता पाहता माणसाचं वय वाढावं असे. त्या पोरसवदा बाईंनी मला समजावून सांगितलं, की अशा मुलांची निम्मी ताकद आवाज, उजेड आणि माणसं सोसण्यातच जाते, म्हणून ती लवकर दमतात. आणि दमली की सोसणं आणखी जड जातं. मग काही मुलं मंद होण्याऐवजी सुसाट सुटतात. सगळीच नाही, आणि साधी मुलंही कधी कधी सुटतात, असंही त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. माझ्या शेजारी बसलेल्या गोटूनं त्यांच्या टेबलावरचा पंखा बंद केला, कारण तो घरघरत होता, आणि मग आम्हा तिघांनाही जरा बरं वाटलं.

पण तेव्हा नाव नव्हतं, आणि नाव नसलं की तिथे सिद्धांत येतो. आमच्याकडचा सिद्धांत बाबांचा होता. बाबा रेल्वेत कारकून. इंजिनाला त्यांनी हात लावला तो एकदाच, फोटो काढताना, तोही रुमालानं पुसून. तरी घरातल्या प्रत्येक दुखण्याचं निदान ते इंजिनावरूनच करायचे. माझा ताप म्हणजे बेअरिंग गरम झालेलं. आजोळच्या पत्रानं आई गप्प झाली तर सिग्नल मिळालेला नाही. आणि गोटूचं पळणं म्हणजे वाफ. ‘वाफ कोंडली आहे त्याच्यात. काढून टाकली की शांत होते का नाही पाह्य.’ वाफ काढायची म्हणजे पोराला मैदानावर नेऊन पळवायचं. तो पळून आला की जास्त हसायचा. बाबा म्हणायचे, अजून बाकी आहे, आणि पुन्हा न्यायचे. बॉयलरखाली आणखी कोळसा घालून वाफ कमी करायची ही रीत रेल्वेत चालली असती तर देशात एक गाडी वेळेवर पोचली नसती. तशी ती पोचत नव्हतीच, ते सोडा.

आम्ही शाळेत जायला लागलो त्याच वर्षी शाळेनं गोटूला घरी पाठवलं. वर्गात प्रार्थनेच्या वेळी हा कान दाबून हसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाबांनी घाबरून आपल्या थोरल्या बहिणीला कळवलं आणि अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर आत्या लोखंडी पेटी घेऊन अकोल्याहून आली. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळेला वसतिगृह होतं आणि वसतिगृहातल्या पोरांना ती नजरेनं सरळ करते अशी तिची ख्याती होती. तिचा आवाज असा, की ती हळू बोलली तरी शेजारच्या क्वार्टरमधून ‘हव, हव’ असं उत्तर यायचं. दिवसा झोपणारी बाई घर बुडवते, हे तिचं ठाम मत. रात्री यार्डात डबे जोडायचे धडाम धडाम आवाज चालायचे, त्यामुळे आल्यापासून तिला रात्रीचीही झोप नव्हती. ती पलंगावर बसून पहाटेची वाट पाहायची आणि पहाट झाली की आमची वाट लावायची.

‘याले माझ्यासंगं धाड,’ तिनं आल्या आल्या बाबांना सांगून टाकलं. ‘वर्षभरात माणूस करून देतो का नाही पाह्य.’ वऱ्हाडात बाया अशाच बोलतात, करतो, जातो. बाबा थोरल्या बहिणीपुढे कायमच चौथीतले. त्यांनी कशीबशी एक सवलत मागून घेतली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस पोरगा नीट वागला तर इथेच राहील. नाही वागला तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं अकोला. आई पुरणासाठी डाळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण डाळीतले खडे ती इतक्या जोरात फेकत होती की त्यातला एक मला लागला. मला आत्या आवडत नव्हती, हे मी सरळच लिहिते. गोटू गेला तर मी कोणाला हुकूम सोडणार, हा माझा पहिला विचार, आणि दुसरा असा, की रात्री तो माझ्या दंडाला पाठ लावून झोपायचा ती जागा रिकामी होईल. त्या दुसऱ्या विचारानं मी भरलं ताट सोडून उठले. आई म्हणाली कैऱ्या खाल्ल्या असतील.

आखाजीला बाबा पहाटेच उठले. आज गोटू दिवसभर शांत पाहिजे, म्हणजे वाफ सकाळीच संपवली पाहिजे. उन्हं चढेपर्यंत ते त्याला मैदानावर पळवत होते, स्वतः कडुनिंबाखाली उभे राहून. गोटू घरी आला तो लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसत. आत्या म्हणाली, ‘पाह्यलं? एवढं पळून मस्ती गेली नाही पोट्ट्याची. अजून एक चक्कर मारून आण.’ बाबांनी मारून आणली. घागरीची पूजा, पितरांचा नैवेद्य होईपर्यंत जेवण नाही. पंगत बसली तेव्हा आमरस, पुरणपोळी, तळलेल्या कुरडया. त्या कुरडया! घरातली सगळी माणसं एकदम कुरडई चावू लागली आणि गोटूनं कान दाबले. मग तो गुणगुणायला लागला, मग हसायला, मग ताटाभोवती फिरायला. इकडे माझी पुरणपोळी फाटली. मी ती जोडून मागितली. आत्यानं आम्हा दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि निकाल दिला. ‘हिले झोप आली, निजव हिले. अन् याले उन्हात उभा कर.’ दुखणं तेच. औषधं अशी दोन.

मी काही निजले नाही, कारण दुपारी आमच्याकडे लग्न होतं. छत्तीसगडात आखाजीला अक्ती म्हणतात आणि अक्तीला मुलं मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, पुतरा-पुतरीचं, अगदी मांडव, हळद, वरात, आहेर सगळं करून. आमच्या कॉलनीत हे खातं दुलारी दीदीकडे होतं. ती बाजूच्या क्वार्टरमधली, आमच्यापेक्षा मोठी, फ्रॉकवर ओढणी घेणारी. मुहूर्तही तीच काढायची. मोठी माणसं जेवून घोरायला लागली, की तो मुहूर्त. त्यामुळे सबंध कॉलनीतली पोरं त्या दिवशी पहाटे उठलेली, उशिरा जेवलेली आणि दुपारची झोप चुकवलेली असायची. वैशाखाचं ऊन, आमच्या मागच्या अंगणात जांभळीच्या फांद्यांचा मांडव, आणि त्याखाली ही वऱ्हाडी मंडळी. मी नवरीची आई होते. ‘तोर भाई ल दूल्हा के ददा बना देथन,’ दुलारी दीदी म्हणाली, म्हणजे माझ्या भावाला नवऱ्याचा बाप करून टाकू. नवऱ्याच्या बापाला काही काम नसतं, नुसतं मिरवायचं असतं, असा तिचा अनुभव होता.

अर्ध्या लग्नापर्यंत सगळं ठीक चाललं. मग वऱ्हाड दमलं. एकीनं हळदीवरून दुसरीचे केस ओढले. एक जण आहेरातला बत्ताशा खाऊन ‘मी खाल्ला नाही’ म्हणत भोकाड पसरून बसला. एक आचारी मांडवातच आडवा होऊन घोरायला लागला. मी, नवरीची आई, पाठवणीची वेळ व्हायच्या आधीच रडायला लागले आणि नवरी सासरी द्यायचीच नाही म्हणून तिला पोटाशी धरून बसले. दुलारी दीदीनं ती ओढली तेव्हा मी तिला ओरबाडलं. आणि गोटूनं नवरदेव उचलला आणि पळाला. मांडवाला एक फेरी, दोन फेऱ्या, हसत, चवड्यांवर, नवरदेवाचा मुकुट गळून पडला तरी थांबेना. ‘दूल्हा भाग गे! दूल्हा भाग गे!’ सगळी पोरं किंचाळत त्याच्या मागे. त्या किंचाळण्यानं तो आणखी सुटला. आवाज ऐकून आत्या बाहेर आली, नेमकी मांडवाच्या खांबापाशी, आणि नेमका तेव्हाच गोटू खांबाला अडखळला. जांभळीच्या फांद्या आत्याच्या डोक्यावर आल्या आणि हळद-तेलाची वाटी तिच्या इंदुरी साडीवर उलटली. तिनं त्याचा दंड धरला. तो तिच्या मनगटाला चावला.

पुढचं फार लवकर झालं. आत्यानं त्याला ओढत घरात नेलं आणि कोठीच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. कोठीची खोली म्हणजे धान्याच्या कोठ्या आणि हिवाळ्यातल्या रजया ठेवायची अंधारी जागा, तिला खिडकी नाही. आतून आधी लाथांचा आवाज आला. मग ओरडणं. मग घोषणा, गाडी नंबर अमुक प्लॅटफॉर्म नंबर तमुक, मोठ्यानं, रडत, पुन्हा पुन्हा तीच. आई हात तसेच ओले घेऊन धावत आली. आत्या दाराला पाठ लावून उभी. ‘उघडायचं नाही. रडू दे. आज रडला तर उद्या सुधरन.’ बाबा घरी नव्हते. ते स्टेशनावर दोन बर्थची सोय करायला गेले होते, कारण मांडव पडायच्याही आधी, कुरडयांच्या वेळीच, त्यांनी हाय खाल्ली होती. मी आत्याच्या पायांवर बुक्क्या मारत होते. तिला त्या लागल्याही नसतील.

आणि मग आतून आवाज यायचा थांबला. एकदम. आईचा चेहरा मला अजून दिसतो.  तिनं आत्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं, पाटा सरकवावा तसं तिला बाजूला सरकवलं आणि कडी काढली. गोटू रजयांच्या ढिगात शिरला होता. दोन जाड रजया अंगावर, वैशाखात, फक्त नाक बाहेर, आणि हातात नवरदेव. तो झोपला होता. घामानं चिंब झालेला, तोंड उघडं, आणि इतका गाढ की आईनं वरची रजई काढली तरी हलला नाही. अंधार, थंड फरशी, आवाज नाही, अंगावर वजन. दिवसभर त्या पोराला जे हवं होतं ते त्याला शिक्षा म्हणून मिळालं होतं.

आत्यानं वाकून पाहिलं आणि विजयानं म्हणाली, ‘पाह्यलं? शिस्त! एका खोलीत सरळ झाला. कपडे भर याचे, संध्याकाळी निघतो आम्ही.’ आता हे पाहा. पोरगं वाईट वागलं तर अकोला, आणि शांत झालं तर तेही आत्याच्या शिस्तीनं, म्हणजे पुन्हा अकोलाच. मी नवरीची आई होऊन रडले होते, आता खरंखुरं रडायला लागले. आई मात्र गोटूकडेच पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात दुलारी दीदीची फाटलेली ओढणी, नाकाला शेंबूड, उचक्या. मग पुन्हा त्याच्याकडे. ‘वन्सं,’ ती सावकाश म्हणाली, ‘तो सुधरला नाही. तो दमला होता. सकाळपासून. आपण त्याले पळवून राहिलो अन् तो दमून राहिला.’

‘दमलेलं पोट्टं हसते का?’

‘हे हसते.’

 आत्या तणतणत मोरीवर गेली, साडीवरची हळद धुवायला. हळद ती, जाते कशाला? साबण लावला तसा डाग लाल झाला आणि पसरला. आई चहा घेऊन गेली. आत्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ‘साखर काहून घातली यात? मी सांगतलं होतं ना, कमी घाल? सांगतलं होतं ना मी?’ तिचा आवाज चढत गेला आणि मध्येच फुटला. अख्ख्या वसतिगृहाला जिचा धाक ती बाई मोरीच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. साखरेसाठी, साडीसाठी, आमच्या यार्डातल्या रात्रीच्या आवाजासाठी. आईनं दुसरा चहा करून देते म्हटलं तर, ‘नको. यातलीच साखर काढून दे.’

मी रडायची थांबले. हा माझाच सूर होता, मी तो कुठेही ओळखला असता.

आईनंही ओळखला. ती हसली नाही, हे तिचं थोरपण, मी तर फिस्सकन हसले. तिनं आत्याचा हात धरला, तिला कूलरच्या खोलीत नेलं, पडदा ओढला. ‘मले दिवसा झोप येत नाही,’ आत्या म्हणाली. ‘नका झोपू. नुसत्या पडा.’ ‘दिवसा झोपणारी बाई...’ एवढंच आत्याच्या तोंडून आलं आणि पुढचं घोरण्यात गेलं. कूलरचा घरघराट त्यापुढे फिका पडला.

ऊन उतरल्यावर बाबा आत्याच्या पेटीसाठी सायकलरिक्षा घेऊन दारात आले. ‘चला, चला, गाडी लागून राहिली! ताई कुठं आहे? पोट्टा तयार आहे का?’ आई कूलरच्या खोलीच्या दारात उभी राहिली, चौकटीला दोन्ही हात लावून.

‘दोघंही निजले.’

‘उठव मग! गाडी जाईन ना!’

‘जाऊ द्या.’

‘अवो, ताई आपल्याले फाडून खाईन!’

‘खाऊ द्या. आधी झोपू द्या, मंग खाऊ द्या.’ आणि मग आई, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमक्ष म्हणाली, ‘अन् मीही दमली आहे. तुमी मध्ये येऊ नका.’ बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू कोणी त्यांची खुर्ची नेली. मग त्यांनी मुकाट्यानं रिक्षावाल्याला वाटेला लावलं आणि दारातच बसून राहिले. थोड्या वेळानं स्टेशनावर घोषणा झाली. गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली. डबे एकामागून एक कॉलनीच्या भिंतीपलीकडून खडखडत गेले. घरात कोणीच कूस बदलली नाही.

आई देवापाशी दिवा लावत होती तेव्हा आत्या बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं छाती भरून श्वास घेतला, मान ताठ झाली आणि बाबा आपोआप उभे राहिले. मी आईच्या मागे लपले. तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिची नजर कोठीच्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. गोटू अजून तसाच झोपलेला, बाहुला छातीवर.  आत्यानं एकदा आपलं मनगट चोळलं.

बाबांनी घसा खाकरला. ‘ताई, चुकली खरी गाडी. मी आत्ता जाऊन उद्याची दोन तिकिटं...’

‘हळू बोल ना बापा,’ आत्या म्हणाली, आणि तिला कुजबुजता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ‘उठन तो. अन् एकच काढ.’